उपाशीपोटीची साखर

लिब्रादाबाईला कुणी काही सांगू शकत नाही. तिच्या नवऱ्याने एकतीस वर्षं प्रयत्न केला आणि शेवटी बिचारा देवाघरी गेला. आता तो वारसा माझ्याकडे आलाय.

कॅलिफोर्नियात, फ्रेस्नोच्या दक्षिणेला, आमच्या चर्चच्या हॉलमध्ये, दर शनिवारी डॉक्टरकी शिकणारी पोरं फुकट दवाखाना चालवतात. मी दाराशी टेबल टाकून नावं लिहून घेते. लिब्रादाबाईला नेमून दिलेलं काम म्हणजे खुर्च्या मांडणं. खुर्च्या ती पाच मिनिटांत मांडते आणि उरलेला सगळा दिवस लोकांच्या भानगडीत नाक खुपसते. कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कुणाचं मालकाशी वाजलंय, सगळं हिला ठाऊक. एकोणिसाव्या वर्षी मेक्सिकोतल्या मिचोआकानहून आली आणि चौतीस वर्षं पीचच्या शेडमध्ये फळं निवडत उभी राहिली. पायाला जखम झाली ती याच दवाखान्यात बरी झाली. तेव्हापासून सहा वर्षं एक शनिवार चुकवलेला नाही. म्हणते, "चायो, फुकटचं घ्यायची मला सवय नाही." अगं, पण फुकटचं द्यायची सवय कुणी लावून घेतली तुला!

कारण ती अतोले आणते. भलंमोठं पातेलं भरून, मक्याच्या पिठाची गोड, दाट, दालचिनी घातलेली पेज. रक्त काढून झालं की पेशंटला एकेक पेला द्यायचा, असं ठरलेलं. त्यात काही वावगं नव्हतं.

वावगं होतं ते पोरांच्या कारभारात. इथे पेशंट आधी पहिल्या वर्षाच्या पोराला सगळं सांगतो. मग ते पोर तिसऱ्या वर्षाच्या पोरीला सांगतं. मग ती येऊन पेशंटला पुन्हा तेच विचारते. मग दोघं मिळून डॉक्टर वार्तानना सांगतात, आणि डॉक्टर उठून येऊन म्हणतात, "हं, काय होतंय?" डॉक्टरांची सही झाल्याशिवाय बोटाला सुईसुद्धा टोचत नाहीत. शिकायची हीच पद्धत आहे म्हणे. शिका ना बाबांनो, पण माणसं सातपासून उपाशी बसलीत आणि तुमचं रामायण अकराला संपतंय!

एलेउतेरियो त्यातलाच एक. द्राक्षांच्या मळ्यात छाटणी करणारा, अठ्ठावन्न वर्षांचा, अबोल माणूस. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मागच्या हिवाळ्यात वेलीऐवजी स्वतःचा अंगठा कापला, तेव्हा मुकादमाने घरी पाठवला. म्हणाला, डोळे करून ये, मग बघू. शहरातलं एक डोळ्यांचं हॉस्पिटल वर्षातून एकदा, नोव्हेंबरात, आठ जणांची ऑपरेशन्स फुकट करतं. पोरांनी धडपड करून एलेउतेरियोचं नाव त्यात घातलं होतं. अट एकच, उपाशीपोटी साखर दोनशेच्या आत हवी.

आणि ती काही येईना. ऑगस्टात दोनशे साठ. गोळी सुरू केली. पुढच्या वेळी दोनशे ऐंशी. गोळी वाढवली. मग पुन्हा वाढवली. केंड्रा म्हणून यंदाची मुख्य पोरगी आहे, तिसऱ्या वर्षाची, फार जीव लावून काम करणारी. ती रडकुंडीला आली. "काका, खरं सांगा, काही खाऊन येता का?"

"नाही, डॉक्टर."

"गोड वगैरे?"

"नाही, डॉक्टर."

मीसुद्धा त्याला झापलं. "अरे, डोळ्यांचा प्रश्न आहे तुझ्या, जरा तोंडावर ताबा ठेव!" तो नुसता खाली बघत राहिला.

शेवटचा शनिवार आला. त्या दिवशीचा आकडा हॉस्पिटलला कळवायचा होता. एरवी मी साडेसातला येते. त्या दिवशी काळजीने साडेसहालाच आले. बघते तर काय! हॉल उघडायच्या आधीच, गाड्या लावतात तिथे, लिब्रादाबाई पातेलं मांडून उभी आणि समोर पेले घेऊन रांग. उपाशी यायला सांगितलेली झाडून सगळी माणसं! रांगेत तिसरा एलेउतेरियो.

"लिब्रादा! हे काय चाललंय?"

"ओरडू नकोस. चार-चार तास ताटकळत ठेवतात गं. परवा ती म्हातारी चक्कर येऊन पडायची बाकी होती."

"यांची साखर तपासायचीय!"

"पेलाभर पेजेने काय होतंय? खाणं थोडंच आहे ते? आणि मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, पोरांजवळ बोलायचं नाही म्हणून. बिचारी उगाच हिरमुसतात."

माझं डोकंच फिरलं. म्हणजे ऑगस्टपासून हेच चालू होतं! मी पातेलं उचललं, गाडीच्या डिकीत ठेवलं आणि किल्ली खिशात घातली. एलेउतेरियोच्या हातातला पेलासुद्धा काढून घेतला, ओठाला लागायच्या आत. तो काहीतरी सांगायला बघत होता. "एक शब्द बोलू नकोस," मी म्हटलं. मला वाटलं, चला, आज खरा आकडा निघणार आणि गाडं सुटणार. डॉक्टर दहाला येतात, त्यांना मग सावकाश सगळं सांगू.

हॉल उघडल्यावर केंड्राला तेवढं म्हटलं, "याचं रक्त आधी घे." ती म्हणाली, "चायोताई, आधी हिस्टरी, मग सही. नियम आहे." मी कपाळावर हात मारला आणि टेबलाशी जाऊन बसले. तिथेच उठून सगळं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

पावणेअकराला पहिल्या वर्षाचं पोर एलेउतेरियोला विचारत होतं, लहानपणी कोणकोणते आजार झाले होते. त्याने उत्तर दिलं नाही. घामाने शर्ट चिंब झाला होता, हात थरथरत होते. मग खुर्चीवरून तो सरळ खालीच आला.

आता मात्र सही कुणाला आठवली नाही. केंड्राने बोट टोचलं. सेहेचाळीस. डॉक्टर वार्तान धावत आले, साखरेचं पाणी त्याच्या तोंडात घातलं. दहा मिनिटांनी त्याने डोळे उघडले.

"सकाळी गोळी घेतली होतीस?" डॉक्टरांनी विचारलं.

"घेतली. रोजच्यासारखी. बाईंची पेज पोटात जाते ना, म्हणून." मग माझ्या दिशेने मान वळवून म्हणाला, "तेच सांगत होतो."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

लिब्रादाबाई पुढे झाली. कुणी विचारलंही नव्हतं. "मी पाजत होते. ऑगस्टपासून. त्याला बोलू नका, मीच गप्प बसायला सांगितलं होतं."

केंड्राचा चेहरा पांढरा पडला. "आणि आम्ही त्या आकड्यांवर गोळी वाढवत गेलो."

"कसली गोळी वाढवली?" लिब्रादाबाईने विचारलं. मग तिला उमजलं आणि ती मटकन खुर्चीत बसली. सहा वर्षांत तिला गप्प बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

मी डॉक्टरांच्या मागे लागले. "आकडा दोनशेच्या आत आहे ना? मग पाठवा की कळवून!"

"चायो, माणूस आत्ता जमिनीवर पडला होता," ते म्हणाले. "याची खरी साखर किती, हेच मला आज माहीत नाही. गोळी उतरवून नीट बसवायला काही आठवडे लागतील. अशा माणसाला मी ऑपरेशनला पाठवणार नाही." त्यांनी स्वतः हॉस्पिटलला फोन केला, विनवण्या केल्या. तिकडून उत्तर आलं, यादीतल्या पुढच्या माणसाला बोलावतो.

वाईट कुणाचं होतं यात, सांगा? पोरं जीव तोडून शिकतात. लिब्रादाबाईचं मन सोन्याचं. मी नियमाने वागले. डॉक्टर तर सुट्टीचा दिवस घालवून येतात. इतक्या भल्या माणसांनी मिळून एका माणसाची पार वाट लावली. राग काढायचा तरी कुणावर?

केंड्रा एलेउतेरियोसमोर गुडघ्यांवर बसली आणि सगळं सांगितलं. एक शब्द लपवला नाही. ऐकून झाल्यावर त्याने विचारलं,

"पुढचं शिबिर कधी?"

"पुढच्या नोव्हेंबरात."

"म्हणजे ही छाटणी गेली," तो म्हणाला, "आणि तोडणीही गेली."

लिब्रादाबाई त्याचा हात धरून रडायला लागली, तर त्यानेच तिच्या हातावर थोपटलं. "असू द्या, बाई. भूक लागायची खरी."

मग तो उठला, टोपी चाचपून डोक्यावर घातली आणि खोलीभर उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांना विचारलं, "दार कुठल्या बाजूला आहे?"