अस्तर लावलेला स्टार्टर

चहाला आधण आलं होतं, काका पेपरातल्या शब्दकोड्यात डोकं घालून बसले होते आणि काकू शिलाई मशिनवर शेवटच्या पडद्याची खालची घडी मारत होत्या, तेवढ्यात दारावर थापा पडल्या. बेल असताना थापा मारणारा माणूस इमारतीत एकच. खालच्या मजल्यावरचे सर.

“वहिनी, तुमची गाडी माझ्या गाडीच्या पुढ्यात उभी आहे. हिला डोळे तपासायला न्यायचंय. जरा काढता का?”

“काढते की. चहा घेता?”

“आल्यावर. आधी डोळे.”

काकू गळ्यातल्या मोजपट्टीसकट खाली उतरल्या. गाडी म्हणजे एक जुनी, छोटी, लाल गाडी. मागची सीट इतकी वर्षं आडवी पाडलेली, की तिथे कधी माणसं बसत होती हे घरचेही विसरले होते. पडद्यांचे रॉड मागच्या काचेपासून थेट पुढे गिअरपर्यंत यायचे, आणि काकू त्यांच्या शेजारी मांडी आवरून बसल्यासारख्या गाडी चालवायच्या.

किल्ली फिरवली. टक. पुन्हा फिरवली. टक. तिसऱ्यांदा तेवढंही नाही.

काकूंनी चटकन वर घराच्या खिडकीकडे पाहिलं, काकांनी ऐकलं तर नाही ना. कारण होतं बाळ्या. चाळिशी ओलांडली, पोट सुटलं, हाताखाली माणसं आली, तरी मुलगा बाळ्याच राहिला होता. मागे एकदा रॉड आणि शिडीसकट काकू उड्डाणपुलावर अडकल्या, मागे हॉर्नचा कल्लोळ, तेव्हा हा मीटिंग टाकून धावत आला होता. गाडी ढकलली, आईला घरी आणलं, पाणी प्यायला आणि म्हणाला, “आई, ही शेवटची वेळ. पुन्हा गाडी बंद पडून मला फोन आला, की गाडी विकायची.” काकूंच्या कानात अजून हॉर्न वाजत होते. त्या “बरं” म्हणून बसल्या.

ते ‘बरं’ आता त्यांच्या मानगुटीवर बसलं होतं. पडदे काय, कुणीही शिवेल. काकूंचं खरं काम दुसऱ्याच्या घरात. खिडकीचं माप घ्यायचं, शिडीवर चढून रॉड बसवायचा आणि पडदा सोडल्यावर खोलीतला उजेड कसा बदलतो ते कमरेवर हात ठेवून बघायचं. शिडी आणि रॉड भाड्याच्या गाडीत कोण घेतो? गाडी गेली, की हे सगळं गेलं.

पुलावरच्या त्या प्रसंगानंतर गाडी दाखवली, तेव्हा मेकॅनिकचं म्हणणं वेगळंच होतं. “बॅटरी ठीक आहे, काकू. तुम्ही हिला चालवताच कुठे? या गल्लीतून त्या गल्लीत. भरायला वेळ मिळतो का बिचारीला? त्यात सामान काढताना मागचं दार उघडं, आतला दिवा चालू. बॅटरी बसली की तिला बाहेरून करंट देणारा एक जंप स्टार्टर घेऊन ठेवा. जाड पुस्तकाएवढा असतो. दुसरी गाडी लागत नाही, ढकलणारा लागत नाही.”

ढकलणारा लागत नाही म्हटल्यावर काकू त्याच संध्याकाळी दुकानात हजर.

विक्रेत्याने सगळ्यात मोठा पुढे केला. “दोन हजार अँपिअर, मॅडम. टायरमध्ये हवापण भरतो. ट्रक उठेल!”

“मला ट्रक उठवायचा नाही हो. आणि हा आकडा सगळा हाती येतो का? आमच्याकडे कापडाचा पन्हा छप्पन्न इंच सांगतात, किनारी काढल्या की चोपन्न उरतो.”

विक्रेता हसला. “हा क्षणभराचा आकडा. प्रत्यक्षात बराच कमी मिळतो. म्हणून आकड्यापेक्षा इंजिन बघून घ्यायचं. गाडी कोणती तुमची?” मग त्याने स्वतःच मोठा बाजूला सारला आणि मधला काढला. छोट्या पेट्रोल गाडीला पुरेसा. चिमटे उलटे लागले तर लाल दिवा लावून गप्प बसणारा. वर दोन गोष्टी बजावल्या: उन्हात तापणाऱ्या गाडीत ठेवू नका, आणि वापरला नाही तरी अधूनमधून चार्ज बघत जा.

काकूंनी पहिली गोष्ट ऐकली, दुसरी विसरल्या आणि घरी येऊन मनाने तिसरीच केली. त्याला कव्हर शिवलं. त्यांच्या घरात कुठलीही वस्तू उघडी राहत नसे. मिक्सरला कव्हर, रिमोटला कव्हर. स्टार्टरला तर पडद्याच्या अस्तराचे दोन थर, मध्ये कापूस, कडेने गोट. असं घट्ट, की टाचणी शिरू नये.

“आता मला शिवणार का?” काकांनी विचारलं होतं.

“तुमचं माप सारखं बदलतं.”

तर आज गाडी गप्प झाल्यावर काकू तरातरा वर गेल्या, कपाटातून ती गुबगुबीत पिशवी घेऊन आल्या आणि सरांसमोर ऐटीत तिची चेन उघडली. आत मिणमिणता उजेड! स्टार्टरची टॉर्च लागलेली. अस्तराने बटण दाबून धरलं होतं, आणि कपाटाच्या काळोखात ती बिचारी कुणासाठी कोण जाणे, जळत बसली होती. काकूंनी बाहेर ओढेपर्यंत तिनेही मान टाकली.

“वहिनी,” सर गंभीरपणे म्हणाले, “कापूस जरा जास्त झाला.”

शेवटी काकांना खाली बोलावलं, आणि गिअर काढून सर आणि काका दोघांनी गाडी बाजूला ढकलली. काकांना धाप लागली, सरांचा शर्ट बाहेर आला. सरांची बायको त्यांच्या गाडीच्या खिडकीतून म्हणाली, “डॉक्टरांना सांगते, मला सगळं स्वच्छ दिसतंय!” आणि ते गेले.

काकूंना मात्र दुपारच्या आत दोन गल्ल्या पलीकडच्या दवाखान्यात पडदे लावायचे होते. त्यांनी स्टार्टर ओट्यावर चार्जिंगला लावला आणि कात्री घेऊन कव्हरला बटणाच्या जागी भोक पाडलं. तेवढ्यात आतल्या खोलीतून कुजबुज ऐकू आली.

“कुणाला फोन?”

“कुणाला नाही. कोड्यातला शब्द विचारत होतो.”

“बाळ्याला?”

काकांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

स्टार्टरचे चारांपैकी तीन दिवे लागले आणि बाळ्या दारात उभा. “आई, ठरलं होतं ना आपलं?”

“ठरलं होतं. पण फोन मी केला नाही.”

बाळ्याने बापाकडे पाहिलं. बाप कोड्यात शिरला.

खाली बाळ्या पुढे झाला. “दे इकडे, मी जोडतो.”

“नको. तू बाजूला उभा राहा. हात खिशात.”

काकूंनी बॉनेट उघडलं. लाल चिमटा बॅटरीच्या अधिकच्या खुणेवर, काळा उणेवर. हिरवा दिवा. किल्ली फिरवली. गाडी खोकली आणि थांबली. बाळ्याचा एक हात खिशातून बाहेर आला.

“खिशात! तिला दम खाऊ दे.”

थोडं थांबून पुन्हा किल्ली. या वेळी गाडी थरथरली, गुरगुरली आणि सुरू झाली. काकूंनी आधी काळा, मग लाल चिमटा काढला, बॉनेट लावलं, हात पुसले.

बाळ्या इंजिनाच्या वर आवाज चढवून बोलला. “पुलावर तू एकटी होतीस, आई. तुझा फोन आल्यापासून तिथे पोचेपर्यंत माझ्या मनात काय काय येऊन गेलं, तुला नाही कळायचं.”

काकूंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. “मला वाटलं, मीटिंग बुडली म्हणून चिडलास.”

“चिडलोही होतो.”

दोघंही हसली. मग सवयीने त्याचा तळवा पुढे झाला. “तू थांब, मी लांब चक्कर मारून आणतो. बॅटरी भरेल.”

“चक्कर मीच मारते. लांबच्याच रस्त्याने जाते.” काकू आत बसल्या, रॉड सरळ केला आणि काच खाली केली. “बाळ्या, एक मागते. शिडीवर पाय लटपटायला लागले, नाहीतर नजर कमी झाली, तर किल्ली मी आपणहून तुझ्या घरी आणून देईन. तोवर तू मागू नकोस.”

बाळ्याने पुढे केलेला हात परत खिशात घातला.