चिंधी पांढरी निघेना

पिंपळावर मुंजा असतो म्हणणाऱ्यांना मी त्याच पिंपळाखाली खाट टाकून झोपून दाखवलंय. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलंय, वरवट बकालजवळ शेती करतो. तेव्हा मला भुताखेतांच्या रांगेत बसवू नका... इतकं सांगूनही हे लिहितोय.

आमच्याकडे आबांची, म्हणजे वडिलांची, जुनी शिकारी रायफल आहे. शिकार आजोबांच्या काळात संपली, पुढे ती फक्त रानडुकरांपासून पिकाच्या राखणीला. आबा गेले तेव्हा माझा थोरला भाऊ म्हणाला, "मले नको. तूच ठेव." दादा धामणगाव बढ्याला असतो. मला वाटलं, केवढं मोठं मन! परवाना माझ्या नावावर झाला. निवडणुकीत नियमाप्रमाणे रायफल ठाण्यात जमा केली, परत आणल्यावर नळी उजेडाकडे धरून आत पाहिलं तर दाणे काढलेल्या कणसासारखी खडबडीत.

नांदुऱ्याला रहीमचाचांकडे नेली. बंदुकांचे परवानाधारक, जुने कारागीर. तीन आठवडे घासून त्यांनी जमेल तेवढी नळी सुधारली. देताना म्हणाले, "हा जंग पावसाचा नाही भाऊ. कोणीतरी गोळी झाडली अन् नळी धुतली नाही."

मी हसलो. आमच्या घरात हे शक्यच नव्हतं. त्या जुन्या काडतुसांचा क्षार नळीत राहतो आणि लोखंड खातो. म्हणून आबांचा नियम होता, गोळी झाडली की आधी नळीतून उकळतं पाणी, मग जेवण. आई चुलीवर पाणी ठेवायची, म्हणजे सगळ्या घराला कळायचंच. न धुता ठेवलेली रायफल म्हणजे चोरून चालवलेली रायफल.

दर रविवारी तेलाची चिंधी सळईने नळीतून फिरवा, असं चाचांनी सांगितलं होतं. पहिल्या रविवारी दादा आलेला होता. चिंधी काळीकुट्ट निघाली, वर ताज्या बारूदीचा वास. चाचांनी काम कच्चं केलं म्हणून मी मनात चार शिव्या घातल्या. पुढच्या रविवारी चिंधी पांढरी. त्याच्या पुढच्या रविवारी दादा जेवायला आला — पुन्हा काळी. दोन महिने मी हाच खेळ केला. दादा ओसरीवर असला की काळी, त्याला एसटीत बसवून आलो की त्याच नळीतून पांढरी. यात कसलं रसायनशास्त्र बसत नाही हो, मी बसवून पाहिलं.

मग मला भुऱ्या आठवला. माझा कुत्रा. मी बारा वर्षांचा होतो. आबा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी अकोल्याला होते (त्यानंतर त्यांनी रायफल कधी हातात धरली नाही), रायफलच्या कपाटाची किल्ली दादाकडे होती. त्याच आठवड्यात भुऱ्या दादाला चावला आणि दोन दिवसांनी नाहीसा झाला. बिबट्याने नेला, असं दादा म्हणाला. तरी आठ दिवस माझा हात धरून तो सातपुड्याच्या पायथ्याशी फिरला, माझ्याबरोबर हाका मारल्या, मी जेवेना तेव्हा स्वतःच्या ताटातलं भरवलं. त्या आठ दिवसांमुळे मी दादाला बापाच्या जागी मानत आलो.

काळी चिंधी मी त्याच्यासमोर ठेवली आणि भुऱ्याचं नाव घेतलं.

"तुरीत काहीतरी हाललं, गजा. मले डुक्कर वाटलं. तू लहान होता, कसं सांगू तुले?"

होतो लहान. पण आज चौतीस वर्षांचा आहे, आणि अजून दर दिवाळीला हा माणूस माझ्या पोरांना त्या बिबट्याची गोष्ट रंगवून सांगतो! तरी म्हटलं, चूक झाली, होते माणसाकडून. चहा सांगितला. आता खरं बाहेर आलं, चिंधी पांढरी निघणार, या खात्रीने त्याच्यासमोरच नवी चिंधी नळीतून फिरवली.

काळी निघाली. वासही तोच.

दादाने तिच्याकडे पाहिलं नाही. एसटीची वेळ झाली म्हणत चपला घातल्या. एसटीला अजून तास होता.

चिंधी कशाने काळी होते, हे मला आजही कळलेलं नाही. कुणाला कळत असेल तर जरूर सांगा. पण त्याला खरंच डुक्कर वाटलं होतं का, हे फक्त दादाच सांगू शकतो, आणि त्याला विचारायची माझी हिंमत होत नाही.