आतेभावाची गाडी

आमचं लग्न झालं त्याच्या पुढच्या फेब्रुवारीत मी आणि माझी बायको हैदराबादहून मस्कतला गेलो आणि आठवडाभर ओमानमध्ये गाडीने फिरलो. गाडी तिच्या आतेभावाची होती. चालवतही तोच होता. आमचं लग्न ठरण्याआधी तिचं लग्न याच आतेभावाशी होणार, असं दोन्ही घरं धरून चालली होती.

हे मला आधीपासून माहीत होतं. आमच्या भागात मामाच्या मुलीवर आत्याच्या मुलाचा हक्क मानतात, त्यात लपवण्यासारखं कुणाला काही वाटत नाही. साखरपुड्याच्या पंगतीत तिच्या थोरल्या काकांनी जिलबी वाढता वाढता मला सांगितलं होतं, "हक्काचं पोरगं सोडून तुमच्याकडं दिली हाय, जावई. सांभाळा." पंगत हसली, मीही हसलो. मला माहीत नव्हतं ते एवढंच, की नाही कोण म्हणालं होतं. ती म्हणाली असेल तर तिने त्याला सोडून मला निवडलं. तो म्हणाला असेल तर तिला जे उरलं ते मी होतो.

मी नांदेडला एका दैनिकात उपसंपादक आहे. लोकांच्या बातम्यांत 'कोण म्हणालं' हे राहून गेलं असेल तर बातमी परत पाठवणं हे माझं काम. घरची बातमी मी तशीच ठेवली होती.

मस्कतचा बेत सासऱ्यांचा. मी भाड्याची गाडी ठरवणार होतो, नांदेडच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवानाही काढून आणला होता. सासरे लातूरहून फोनवर म्हणाले, "आपलं माणूस तिथं असताना भाड्याची गाडी? त्याला काय वाटंल?" तो मस्कतला एसीचे सुटे भाग विकणाऱ्या कंपनीचं गोदाम सांभाळतो. त्याने रजा काढल्याचं आम्हाला सांगण्यात आलं, विचारण्यात आलं नाही.

निघायच्या आधी उदगीरहून आत्याबाई आल्या आणि मुलासाठी सामान देऊन गेल्या. ज्वारीचं पीठ, काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, फडक्यात बांधलेल्या कडक भाकरी. आमच्या मोठ्या बॅगेत अर्धी जागा त्यानेच भरली. हनिमूनसाठी घेतलेलं माझं जाकीट बाहेर काढावं लागलं. मस्कतच्या विमानतळावर अधिकाऱ्याने बॅग उघडायला लावली आणि पिठाच्या पिशवीकडे बोट केलं. बायकोने हिंदीत सांगितलं. तो हिंदीतच म्हणाला, "जवार? किसके लिए?" ती म्हणाली, "भाई के लिए." सख्ख्या-चुलत भावांना ती भाऊ म्हणते. याला त्याआधी कधी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. नंतरही ऐकलं नाही.

आतेभाऊ बाहेर उभा होता. माझ्यापेक्षा उंच, कपाळावर भस्माचे पुसट पट्टे. मला वाकून नमस्कार केला आणि तिला म्हणाला, "ये मास्तरीण, पीठ आणलं का न्हाई?"

"विचारलं का आधी, प्रवास कसा झाला?"

"तुझा प्रवास कसा झाला ते तोंडावर दिसायलंय. पिठाचं सांग."

माझी बायको लातूरला एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते, म्हणून मास्तरीण. तिचे सगळे भाऊ मला लग्नाच्या मांडवापासून दाजी म्हणतात. त्याने म्हटलं, "चला पाव्हणं." पाहुणा कुणीही असतो. दाजी म्हटलं की ती बहीण होते. हा फरक माझ्या लक्षात आला आणि मग आठवडाभर मी तो मोजत राहिलो. त्याने एकदाही दाजी म्हटलं नाही.

जावयाचा मान म्हणून मला पुढची जागा मिळाली. बायको मागे. पहिल्या दिवशी निझवाच्या रस्त्याला लागलो तेव्हा मी आणि तो शेजारी होतो आणि ते दोघं आरशातून बोलत होते. तिच्या आत्याच्या घरी कन्नड बोलतात. तीही बोलते, हे मला माहीत होतं, पण माझ्यासमोर बोलताना ऐकलं नव्हतं. मी मुदखेडचा. आमच्याकडे थोडं तेलुगू कळतं, कन्नड अजिबात नाही. ते दोघं मराठीत सुरू करायचे आणि हसायची वेळ आली की कन्नडमध्ये जायचे. मी काय झालं विचारलं की ती सांगायची, "काही नाही, आत्याच्या शेळीचं." त्या आठवड्यात आत्याच्या शेळीवर ते जेवढे हसले तेवढं शेळीवर हसता येतं, यावर माझा विश्वास बसला नाही. मला मत्सर वाटत होता. त्याला दुसरं नाव नाही.

रस्त्यात चहाच्या टपऱ्या लागायच्या. तिथे गाडीतून उतरत नाहीत, हॉर्न वाजवतात आणि माणूस चहा गाडीपाशी आणून देतो. तो परत परत घ्यायला लावायचा आणि ती म्हणायची, "साकु, साकु." पुरे, एवढं मला समजायला लागलं.

दुसऱ्या दिवशी जबल अख्दरचा घाट होता. वर फक्त फोर-व्हील गाडी सोडतात. पोलिसांनी पायथ्याला गाडी तपासली. तपासणी संपल्यावर त्याने गाडी सुरू केली नाही. हात स्टिअरिंगवर ठेवून मला म्हणाला, "पाव्हणं, राग नका मानू. तिला पुढं बसू द्या. घाटात तिला उलटी होती."

मी मागे वळून पाहिलं. ती म्हणाली, "मी सांगणारच होते."

"कधी? उलटी झाल्यावर?" तो म्हणाला. "उदगीर-लातूर येष्टीत हिच्यासाठी खिडकीची जागा धरता धरता माझं लहानपण गेलं, पाव्हणं. कंडक्टर हिला बघितलं की आधी पिशवी द्यायचा."

आम्ही जागा बदलल्या. मी मागे बसलो, मांडीवर कडक भाकरींचं गाठोडं. पुढे त्या दोघांची डोकी. वळण आलं की तो आधी सांगायचा, "आता डावं", आणि ती समोर नजर धरून श्वास सोडायची. तिला एकदाही उलटी झाली नाही. लग्नाला तेव्हा तीन महिने झाले होते. नांदेड-लातूर आम्ही नेहमी रेल्वेने करायचो, म्हणून मला हे कळण्याचा प्रसंग आला नव्हता, असा हिशोब मी मागच्या सीटवर मांडला. हिशोब बरोबर होता. त्याने काही कमी झालं नाही.

वर थंडी होती. डोंगराच्या पायऱ्यांवर डाळिंबाची झाडं होती, पानं झडलेली. ती हातपाय धुवायला गेली तेव्हा मी त्याला विचारलं.

"एक विचारू? तुमच्या दोघांचं ठरत होतं. नाही कोण म्हणालं?"

तो बॉनेटला टेकून भाकरीचा तुकडा मोडत होता. "तिनं काय सांगितलं?"

"काही नाही. मी विचारलं नाही."

"मग मी कसं सांगू? पेपरवाल्याला एक सांगितलं तर दुसऱ्या दिवशी चार छापून येतात." तो हसला. मग चटणीची बरणी माझ्यापुढे केली. "खा. आईच्या हातची हाय. तुम्हीच उचलून आणलीय."

मुक्कामासाठी ठरवलेल्या वाळवंटातल्या तंबूंपाशी पोहोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. तो गाडीच्या चाकांतली हवा बघायला थांबला आणि आम्ही दोघं जवळच्या टेकाडावर चढलो. तिथे मी तिला तोच प्रश्न विचारला.

"हे विचारायला ओमानपर्यंत यावं लागलं? लातूरला घरी बसून विचारता आलं नसतं?"

"आता विचारतोय."

"नाही मी म्हणाले."

उत्तर मला हवं तेच होतं. तिथे थांबलो असतो तर बरं झालं असतं, पण 'का' विचारल्याशिवाय बातमी पुरी होत नाही. मी 'का' विचारलं.

तिने बोटाने वाळूत एक चौकोन काढला आणि एक गोल. "वर्गात शिकवते तेच. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई. नवरा-बायको असले की मधे एक रेघ. रक्तातले असले की दोन." तिने दोन रेघा ओढल्या. "ही आत्याची थोरली मुलगी, आणि हा माझा धाकटा काका. तिचा सख्खा मामा. तिला मामाकडेच दिली." खाली दोन चौकोन काढले आणि दोन्ही बोटाने भरून टाकले. "ही त्यांची पोरं. तुम्ही लग्नात बघितलीत. गुणी आहेत, चित्रं काय सुंदर काढतात. दोघांनाही ऐकू येत नाही. मी रोज फळ्यावर हे काढते, मुलांना समजावते, आणि मीच घरी येऊन तेच करायचं?"

"त्याला हे सांगितलंस?"

"असंच काढून दाखवलं. उदगीरच्या किल्ल्यात, काडीने."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, दोनातली एक रेघ पुसता येत न्हाई का."

"मग?"

"मग काय? खाली उतरलो. भेळ खाल्ली."

वारा सुटला होता, पण आकृती अजून दिसत होती. मी म्हणालो, "म्हणजे माणूस म्हणून त्याच्यात काही नव्हतं. नाकारण्यासारखं."

"त्याच्यात काय असणार? चांगला आहे. तुम्ही बघताच आहात."

"रक्ताचं नातं नसतं तर?"

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. वर्गात मुलाने अभ्यासक्रमाबाहेरचं विचारल्यावर बघत असेल तसं. "तुमच्या पेपरात जर-तर छापतात का?"

छापत नाहीत. मला हवा होता तो नकार मिळाला होता. तो नकार नात्याला होता, माणसाला नव्हता.

तेवढ्यात तो तीन पेले घेऊन टेकाड चढून आला. "काय मास्तरीण, सुट्टीतबी वर्ग घ्यायलीस का?" मग त्याची नजर वाळूवर गेली. आकृतीला वळसा घालून पलीकडून आला आणि आधी मला चहा दिला, मग तिला. बसतानाही पाय तिथे पडणार नाही असा बसला. चहा संपेपर्यंत आम्ही तिघं आत्याच्या शेळीबद्दल बोललो. या वेळी मराठीत.

शेवटच्या दिवशी सूर या बंदराच्या गावाहून मस्कतला किनाऱ्याच्या रस्त्याने परत यायचं होतं. त्याने किल्ली माझ्या हातात दिली. "परवाना आणलाय म्हणं. वापरा तरी. न्हाईतर आरटीओला काय तोंड दाखवणार?" मी चालवायला बसलो, बायको शेजारी, तो मागे. तिकडे उजवीकडून चालवतात. पहिल्याच गोल चौकाला मी डावीकडे वळत होतो. तो मागून शांतपणे म्हणाला, "उजवी धरा, पाव्हणं. उजवी." ती म्हणाली, "शिकू दे त्यांना." मग समुद्र डाव्या की उजव्या हाताला ते बघायलाही मला उसंत नव्हती. बऱ्याच वेळाने आरशात पाहिलं. मला वाटलं होतं तो पुढे बघत असेल. तो झोपला होता, तोंड थोडं उघडं, मांडीवर रिकामं फडकं घडी घालून ठेवलेलं.

विमानतळावर त्याने आईसाठी खजूर आणि हलव्याचा डबा दिला. तिला म्हणाला, "क्लास नीट घे. पोरं डॉक्टर झाली पाह्यजेत." मला म्हणाला, "येत जावा, पाव्हणं."

खजूर द्यायला आम्ही उदगीरला गेलो तेव्हा आत्याबाईंनी पाटावर बसवून पुरणपोळी वाढली. बायको परसात शेळी बघायला गेली होती. शेळी खरंच होती आणि खरंच खोडकर होती, तिने बायकोची ओढणी चावली. आत्याबाई तुपाची वाटी पुढे सरकवत म्हणाल्या, "त्याला किती मुली दाखिवल्या, जावई. बघतो बी न्हाई. तिचं ऐकतो तो. तिला म्हणावं, लातूरकडची एखादी चांगली बघ. नात्यातली नको म्हणावं, आता आमाला बी कळतंय."

परतताना लातूरच्या रस्त्यावर मी तिला निरोप सांगितला. ती म्हणाली, "बघते."

तिने बघितलं. एक तिच्या क्लासमधली रसायनशास्त्राची शिक्षिका होती, दुसरी मुरुडची, बँकेत नोकरीला. दोघींचे फोटो आणि माहिती तिने स्वतः त्याला पाठवली, मला दाखवून. दोघींपैकी कुणाचंही त्याच्या घराशी रक्ताचं नातं नव्हतं.

पहिल्या स्थळाला त्याने आठवड्यात नकार कळवला. दुसऱ्याला गेल्या महिन्यात. कारण दोन्ही वेळा दिलेलं नाही.