चौदावं रीळ

आमच्या बाईला एका सिनेमाची शेवटची वीस मिनिटं पाहायची आहेत. बाई म्हणजे माझी मोठी बहीण, वय सत्तरीच्या पुढं. नवरा गेल्यावर ती माहेरी, कामठ्याजवळच्या आमच्या गावी परत आली, त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. तिचं एरवी कशावाचून अडत नाही. ना तीर्थाचा हट्ट, ना लुगड्याचा. मागणं एवढं एकच, आणि तेच पुरं होण्याचा रस्ता मी माझ्या हातानं बंद करून ठेवला.

सिनेमा जुना, मराठी, घरगुती. दोन भाऊ, दोन जावा, एक खाष्ट आत्या, गैरसमजावर गैरसमज आणि शेवटी सगळे एका पंगतीला. असल्या सिनेमांना मी शाळामास्तर म्हणून जन्मभर नाक मुरडलं. पण आम्ही अख्ख्या घरानं मिळून पाहिलेला हा एकच. बैलगाडी जुंपून आमगावच्या टॉकीजला गेलो होतो, दुपारच्या खेळाला. बायकांची बाकं वेगळी. तिथं माय आणि बाई बसल्या, आणि मी सहा वर्षांचा, मायला सोडत नव्हतो म्हणून मीही तिकडंच. सिनेमा संपत आला आणि नेमकी तेव्हाच मला लघवी लागली. मायनं बाईला माझ्यासोबत धाडलं. आम्ही बाहेर भिंतीशी उभे होतो आणि आतून मायचं हसणं ऐकू आलं.

आमची माय हसत नसे असं नाही, पण पदर तोंडाशी धरून. घराच्या ओसरीपर्यंतसुद्धा तिचा आवाज कधी पोचला नाही. त्या दिवशी ती अशी खदखदून हसली की बाहेर सायकली राखणारा माणूस म्हणाला, "कोन हासून राहिली गा एवढी?" बाईनं मला तसंच ओढत आत नेलं. तोवर पडद्यावर दुसरंच काही सुरू झालं होतं आणि माय डोळे पुसत होती. परतताना गाडीत ती आठवून आठवून हसायची. बाईनं दहादा विचारलं. "तू पायलं असतं तं समजलं असतं," माय म्हणाली, "सांगून नाही येत ते हासू." पुढच्या वर्षी ती काविळीनं गेली.

आता हा सिनेमा मोबाइलवर सापडतो. कुणीतरी टीव्हीवरून उतरवून घेतलेला आहे. कोपऱ्यात चॅनेलचा शिक्का, चेहरे पिठात बुडवल्यासारखे, आवाज पुढं आणि ओठ मागं. आणि पंगतीच्या आधीच तो तुटतो. बाई तो मोठ्या टीव्हीवर लावते, शेवटपर्यंत बसते, तो तुटला की रिमोट खाली ठेवते आणि दर वेळी म्हणते, "आता येतच होतं."

एकदा मी तिला गोंदियाच्या बाजारात घेऊन गेलो. डिस्कवर सिनेमे चकचकीत मिळतात असं तिनं ऐकलं होतं. दुकानदारानं आमच्याकडं दया येऊन पाहिलं. "माताजी, डिस्क अब कौन लेता है? सब मोबाइल पे है." बाई म्हणाली, "मोबाइलवर अर्धाच आहे." तो म्हणाला, "तो फिर आधाही बना होगा." मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. बाई मात्र त्याला शांतपणे समजावत बसली की पंगत आहे, तिनं ती बाहेरून ऐकली आहे.

मग भाचीनं तिला मोबाइलवरच्या एका गटात घातलं. जुने घरगुती सिनेमे धुऊन-पुसून, स्वच्छ, ब्लू-रे डिस्कवर यावेत अशी आस लावून बसलेली ही मंडळी. देशभरातले पेन्शनर, दुसरं कोण असणार! रोज सकाळी फुलांचे फोटो आणि त्याखाली, "आपल्या सिनेमाचं काही कळलं का?" मी त्यांच्या शुद्धलेखनाच्या चुका काढायचो. बाई मात्र त्यांची रोज वाट पाहायची. त्यातले एक कोल्हापूरचे गृहस्थ सगळ्यांचे म्होरके. बाईनं मायच्या हसण्याबद्दल विचारलं तेव्हा एक म्हणाला, आत्या पाटावरून घसरते. दुसरा म्हणाला, धाकटा भाऊ लाडवात मीठ घालतो. तिसऱ्यानं शपथेवर सांगितलं की सिनेमात पंगत नाहीच. खात्रीनं कुणालाच काही आठवत नव्हतं.

या लोकांनी सिनेमाच्या मालकांना सामुदायिक पत्र लिहिलं. उत्तर येईल असं मला वाटलं नव्हतं, पण आलं. मूळ निगेटिव्ह चिकटून, त्याचा गोळा होऊन वाया गेलं होतं. कुठं चौदा रिळांची पूर्ण प्रत सापडली तर ती दुरुस्त करून ब्लू-रेवर आणायची त्यांची तयारी होती. खाली एक ओळ होती. जुन्या वहीप्रमाणं शेवटची प्रत आमगावला गेली होती, ती परत आली नाही.

गटात नुसता गुलाल उधळला गेला. "ताई, तुमच्याच भागात!" कोल्हापूरकरांनी लिहिलं. बाई मला म्हणाली, "असनच कोनाच्या घरी. लोकं असं फेकून देतात का?" मी हूं म्हणालो आणि बाहेर जाऊन उभा राहिलो.

फेकून नाही दिलं. आमगावची टॉकीज बंद पडली तेव्हा मालकानं कोठी रिकामी केली. ज्याला जे पाहिजे ते न्या म्हणाला. मी एक पत्र्याची पेटी आणली, उंदीर शिरणार नाही अशी, बियाण्यासाठी. आत रिळांच्या चौदा गोल डब्या होत्या. पेटीवर सिनेमाचं नाव रंगवलेलं होतं. मी ते वाचलं होतं. त्या साली पोपटांनी उच्छाद मांडला होता, धान निसवलं की थव्यानं येऊन लोंब्या कुरतडत. वाऱ्यावर फडफडणारं, चमकणारं काही असलं की ते बिचकतात. मी रिळं कापली आणि आमच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, या टोकापासून त्या टोकापर्यंत बांबूंवर पट्ट्या ताणल्या. पिक्चर पाहून झालेलंच आहे, असा माझा हिशेब. बाईनं विचारलं, "हे कोनतं पिक्चर होय?" नाव सांगितलं असतं तर तिनं कात्रीला हात लावू दिला नसता. मी म्हणालो, "कोनतं तरी हिंदी." पेटीवरचं नाव त्याच दिवशी डांबर फासून झाकलं. डब्या अशाच वाटून टाकल्या. शेवटची बाईनं बटणं ठेवायला घेतली. झाकणावर चौदाचा आकडा उठवलेला आहे. तिला ती फक्त पत्र्याची डबी.

दोन दिवसांनी ती मला आमगावला घेऊन गेली. चोराच्या मनात चांदणं, स्कूटरवर मागं बसलेल्या तिचं बोलणं मला धड ऐकू येईना. टॉकीजच्या जागी आता मंगल कार्यालय आहे. मालकाचा पुतण्या खुर्च्या मोजून घेत होता. बाईनं त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं, मायच्या हसण्यासकट. तो भला माणूस. म्हणाला, "डब्बे तं लोकं घेऊन गेले, काकी. कोन कोन नेले, आता कोनाले याद राहते?" बाईनं भिंतीला हात लावून पाहिला. भिंत नवी होती.

घरी आल्यावर ती अंगणात बसली. माझ्या शर्टाचं बटण तुटलं होतं, म्हणून तिनं डबी काढली. मला आता राहवेना.

"बाई, ते पिक्चर आपल्या बांधीत होतं."

"कोनतं?"

"तेच. पोपटासाठी बांधलेल्या पट्ट्या."

ती सुईत दोरा ओवत होती. तो ओवून झाल्यावर तिनं वर पाहिलं.

"तू तं हिंदी म्हनला होता."

"खोटं बोललो."

"काऊन?"

"तुनं कापू नसतं देलं."

"नसतंच देलं."

मला वाटलं ती शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या. तिनं झाकण उलटं केलं आणि आकड्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "पुरा महिना त्याच्याखाली खाट टाकून मी राखन केली. पोपट आले नाही त्या साली." झाकण पुन्हा सुलटं करून म्हणाली, "उजेडात मान वर करून पायलं असतं तं मायले दिसलं ते मलेही दिसलं असतं. मी भाजीच निवडत होती."

माफी मागायला मी तोंड उघडलं, पण हे वरातीमागून घोडं आणून काय करायचं होतं?

"मोबाइल घे," ती म्हणाली. तिला बारीक अक्षरं दिसत नाहीत. "लिही. शोधू नका म्हन. आमच्याच वावरात होतं, आम्हीच कापलं. ते लोकं उगाच वाट पाहून राहिले."

मी तिनं सांगितलं तसंच लिहिलं. एक "आम्हीच" मी "मीच" केला. मग कोल्हापूरकरांनी विचारलं, एखादा तुकडा तरी उरला असेल का, चार बोटांचा चालेल.

"सांग त्याले," बाई म्हणाली, "धान कापल्यावर शेकोटीत टाकले."

तेही लिहिलं. संध्याकाळी पाहिलं तर कोल्हापूरकर गटातून गेलेले होते. दोन-तीन दिवसांत आणखी काही जण गेले. सकाळची फुलं थांबली.

बटण मात्र बाईनं त्याच दुपारी लावलं, दोरा दातानं तोडला आणि डबी मिटून कोनाड्यात ठेवली. माझ्याशी ती नेहमीसारखी बोलते, ताटात नेहमीएवढाच भात वाढते. टीव्हीही दुपारी लागतो. पण तो सिनेमा ती लावत नाही. एकदा मीच लावून दिला. तुटायच्या थोडं आधी ती उठली आणि मागच्या अंगणात, भिंतीशी जाऊन उभी राहिली.