निघताना हातात काय होतं?

"निघताना हातात काय होतं?"

हे विचारताना त्यांची बोटं कीबोर्डवरून उचलली जायची आणि चष्मा कपाळावर जायचा. दिंडोशीच्या कोर्टाबाहेर तुम्ही कधी ताटकळला असाल, तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. टपरीएवढी जागा, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि लोकांची ॲफिडेविटं टाइप करणारे काका. मी समोरच्या वकीलबाईंकडे कारकुनी करायचे आणि उरलेल्या वेळात गोष्टी लिहायचे. तीन वर्षं त्या दिवाळी अंकांकडे जात होत्या आणि साभार परत येत होत्या.

पहिल्यांदा गोष्ट टाइप करायला दिली, तर काका तिसऱ्या ओळीलाच थांबले.

"'तिच्यावर दुःखाचा डोंगर कोसळला.' कुणी बघितला?"

"काका, ते मनातलं आहे."

"मनातलां जजला दिसत नाय गो. ती तेव्हा करत काय होती, ते सांग."

मलाच माहीत नव्हतं. अर्ज टाइप करणाऱ्यानं मला कथालेखन शिकवावं, याचा चांगलाच राग आला. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

मग एकदा नवऱ्याचं घर सोडून आलेली एक बाई ॲफिडेविटसाठी बसली होती. छळ, जाच, अपमान, सगळं पाठ केल्यासारखं सांगत होती. काकांनी चष्मा वर केला.

"ताई, निघताना हातात काय होतं?"

बाई थांबली. "कुकरची शिट्टी," ती म्हणाली. "म्हटलं, करा आता डाळभात!" आणि हसता हसता रडायलाच लागली. काकांनी पाण्याची बाटली पुढे केली. वकीलबाईंनी नंतर ते वाक्य काढून टाकलं, कोर्टाला त्याचा उपयोग नव्हता.

मला होता! आठवड्यात नवी गोष्ट तयार, शेवटी कुकरची शिट्टी. काकांनी तिथवर टाइप केलं आणि कागद परत दिले.

"ही शिट्टी तिची. तू तुझं आण."

(आज इथे लिहिण्याआधी मी त्या बाईंना विचारलंय. "लिही गं बिनधास्त," म्हणाल्या.)

माझं काय होतं? बाबांची कंपनी बंद पडली, त्या संध्याकाळी ते तिथल्या लॉकरचं कुलूप घेऊन घरी आले होते. ते आजही आमच्या बाल्कनीतल्या न चालणाऱ्या सायकलला लावलेलं आहे. मी तेवढंच लिहिलं. काकांनी पहिल्यांदाच न थांबता शेवटपर्यंत टाइप केलं, "झालं" म्हणाले आणि प्रिंट काढायला वळले.

ती गोष्ट छापून आली. अंक घेऊन मी धावतच गेले. काकांनी पानं उलटली.

"अक्षर बारीक आहे," म्हणाले आणि अंक ठेवून घेतला.

चांगली की वाईट, एका शब्दानं नाही. संपादकांपेक्षा मला त्यांचं मत हवं होतं, पण विचारायचा धीर कधी झाला नाही.

या मे महिन्यात काका कायमचे गावी गेले. नेमकी त्या दिवशी मी सुनावणीत अडकले. बाहेर आले तर खुर्ची रिकामी. शेजारचे चहावाले भाऊ म्हणाले, "आत्ताच गेले, सगळ्यांना भेटून."

मी विचारलंच, "जाताना हातात काय होतं?"

"तुमचा तो अंक. सामान सगळं टेम्पोत टाकलं, पण तो नाही. म्हटलं, पिशवीत तरी ठेवा. तर म्हणाले, चुरगळेल."