नाक्यावरचा नमस्कार

कंपनीच्या बसमध्ये माणूस वीस वर्षं बसला की किस्से जमतातच, त्याला वेगळे कष्ट घ्यावे लागत नाहीत. माळव्यातल्या धारहून पीथमपूरच्या कारखान्यात जायला तासभर, यायला तासभर. तेवढ्यात झोपणारे झोपतात आणि बाकीचे एकमेकांची अक्कल काढतात. मी दुसऱ्या गटातला. साताऱ्याकडून नोकरीसाठी आलो, टूलरूमला लागलो आणि आठवड्याभरात 'काळे' होतो तो 'काळे भिया' झालो, म्हणजे इकडचा काळे भाऊ.

नव्वदच्या दशकात आमच्याकडे एक नवे मॅनेजर आले. कुठलंसं ट्रेनिंग ताजं ताजं करून आले होते. त्यांनी सगळ्यांना एकेक पिवळं कार्ड वाटलं. त्यावर एक छोटी चांगली सवय लिहायची आणि ती रोज पाळायची. "छोटी आदत, बडा आदमी," असं ते म्हणायचे. स्वतः सहा फूट उंच, त्यांचं काय जातंय.

मी लिहिलं, 'कमी बोलणे'. दोन दिवस पाळलंसुद्धा. तिसऱ्या दिवशी बायकोने शेजारच्या वहिनींना हळूच विचारलं, "कंपनीत माणसं कमी करतायत का हो?" मी सवय तिथल्या तिथे सोडली. माझ्या घरात सगळं ठीक असलं की मी बडबडतो, हे तिला ठाऊक होतं, मलाच नव्हतं.

*

कार्डं लिहिली त्याच संध्याकाळी परतताना बसमध्ये ती हातोहात फिरली. खूप हसलो. मग एक कार्ड आलं आणि हसणं थांबलं. ते बाळासाहेब मोहित्यांचं होतं.

मोहिते बंधू दोघेही आमच्याच बसला. घराणं धारच्या जुन्या दरबारातलं. दरबार गेला, अदब तेवढी राहिली. थोरले दादासाहेब इन्स्पेक्शनला. बसमध्ये ते ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, खिडकीशी. धाकटे बाळासाहेब हीट ट्रीटमेंटला, ते दोन स्टॉप पुढे नाक्यावर चढायचे. आणि दोघांत बोलणं नाही.

कारण ऐकाल तर कपाळाला हात लावाल. एका दसऱ्याला कंपनीत मशिनांची पूजा होती. तिथे बाळासाहेबांनी सकाळीच साहेबांना आपट्याची पानं दिली आणि संध्याकाळी घरी येऊन थोरल्या भावापुढे सोनं धरलं. दादासाहेबांनी हात पुढे केला नाही. म्हणाले, "आधी साहेबाला पोचलं ना? मग इथं काय काम?" महिन्याभरात बाळासाहेबांनी नाक्याजवळ वेगळं बिऱ्हाड केलं. त्याला चार वर्षं झाली होती. बाळासाहेब मला एकदा म्हणाले होते, "आईवडील गेले, काळे भिया. मला अरे म्हणणारं एकच माणूस राहिलंय, आणि ते बोलत नाही."

तर कार्डावर लिहिलं होतं, 'दादासाहेबांना रोज नमस्कार करणे'.

दुसऱ्या दिवशी नाक्यावर बस थांबली. बाळासाहेब चढले, पहिल्या सीटसमोर उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "नमस्कार, दादासाहेब." दादासाहेब खिडकीबाहेर बघत राहिले. बाळासाहेब मागे आपल्या जागेवर येऊन बसले. तिसऱ्या दिवशी तेच, आठव्या दिवशी तेच. मला दादासाहेबांचा राग यायचा आणि बाळासाहेबांसाठी जीव तुटायचा. माझाही एक भाऊ साताऱ्याला आहे.

शेवटी मी म्हटलं, "सोडा हो, कार्डावर दुसरं काहीतरी लिहा."

"मी नमस्कार लिहिलाय, काळे भिया," ते म्हणाले. "उत्तर कुठं लिहिलंय?"

*

आमचे स्टोअर्सचे देशपांडे. डायबेटीस निघालेला, म्हणून त्यांनी लिहिलं, 'चहात साखर नाही'. माणूस शब्दाचा पक्का. तो कडू चहा तोंड वाकडं न करता प्यायला लागले. बसमध्ये त्यांची उदाहरणं दिली जाऊ लागली.

एका रविवारी मी त्यांना पोह्यांच्या गाडीवर पकडलं. एका हातात बिनसाखरेचा चहा, दुसऱ्या हातात पाव किलो जिलबीचा पुडा. मी म्हटलं, "देशपांडे, हे काय?"

"चहात आहे का? बघ, चहात नाहीये," देशपांडे शांतपणे म्हणाले.

मी आगाऊपणा करून देशपांडे वहिनींना सांगितलं. दुसऱ्या दिवशी कार्डावर त्यांच्या अक्षरात खाली एक ओळ वाढली, 'बशीत, पुड्यात आणि गाडीवर उभं राहूनसुद्धा नाही'. मॅनेजरनी त्यावर शेरा मारला, 'परिवार का सहयोग सराहनीय'. देशपांडे माझ्याशी पंधरा दिवस बोलले नाहीत. बस म्हणाली, आता तिसरा मोहिते तयार झाला.

*

बसमधला नितीन मूळचा देवासचा. शाळा सगळी हिंदीत. घरी मराठी बोलायचा फर्डा, पण छापलेलं मराठी पुढे आलं की बैलगाडी चढावर. त्याची आई म्हणायची, "माझ्या माघारी ह्या घरातली पुस्तकं रद्दीवालाच वाचणार." हे त्याला लागलं असावं. त्याने लिहिलं, 'रोज एक पान मराठी'. आणि ते बसमध्ये मोठ्याने वाचायला सुरुवात केली, जुन्या दिवाळी अंकातली खुनाची गोष्ट.

पहिला आठवडा आम्ही सोसलं. दुसऱ्या आठवड्यात त्याची जीभ सुटली आणि आम्ही गुंतलो. ड्रायव्हर रामसिंग माळव्यातला, तोही कान देऊन ऐकायचा. एकदा नितीन सुट्टीवर होता तर रामसिंग म्हणाला, "भिया लोग, मारा किसने, किसी को तो पता होगा?"

शेवटच्या दिवशी नितीन तोंड पाडून आला. शेवटची दोन पानंच अंकात नव्हती. आईने ती कधीकाळी चिवड्याच्या डब्यात तळाला घातली होती. चाळीस माणसं आणि खुनी बेपत्ता!

दुसऱ्या दिवशी मात्र त्याने खिशातून कागद काढला, "पानं मिळाली" म्हणाला आणि शेवट वाचला. खुनी पकडला गेला. रामसिंगने समाधानाने हॉर्न वाजवला. गेटवर उतरताना दादासाहेब नितीनपाशी थांबले. ते बसमध्ये कुणाशीच फारसं बोलत नसत.

"शेवट तुम्ही रचलात," ते म्हणाले. "दोन ठिकाणी हिंदी डोकावली. बाकी झकास."

नितीन दिवसभर हवेत होता. त्याच्यामागून बाळासाहेब उतरले. दादासाहेब तोवर पुढे निघून गेले होते. परक्याला शाबासकी आणि सख्ख्याला पाठ, हे मला बघवलं नाही.

*

वर्षभराने मॅनेजरची बदली झाली. कार्डं गेली, सवयी गेल्या. देशपांडे जिलबीला लागले, मग पुन्हा सोडली. नितीन मात्र वाचत राहिला. मोबाइल आले, बस बदलली, रामसिंगचे केस पिकले. नाक्यावरचा नमस्कार सुरूच होता. सात वर्षं तरी झाली असतील. नवीन पोरांना तर वाटायचं, ही काहीतरी मोहित्यांच्या घरातली रीत असेल, एकाने हात जोडायचे आणि दुसऱ्याने बाहेर बघायचं.

मग एका जानेवारीत बाळासाहेब नाक्यावर दिसले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. कुणीतरी म्हणालं, न्यूमोनिया झालाय, घरीच पडून आहेत. पुढच्या सीटवर काहीच हालचाल नाही.

तिसऱ्या दिवशी रामसिंगने सवयीने नाक्यावर बस थांबवली. कुणी नव्हतं. त्याने गिअर टाकला आणि दादासाहेब उठून उभे राहिले.

"थांबवा," ते म्हणाले. मग मागे वळून मला म्हणाले, "काळे, बाळचं बिऱ्हाड कुठं आहे? मी पाहिलेलं नाही."

मी बरोबर उतरलो. दोन गल्ल्या आत होतं. ते इतके भरभर चालत होते की मला गाठायला पळावं लागलं. दार बाळासाहेबांच्या बायकोने उघडलं. समोर थोरले दीर बघून तिने डोक्यावर पदर घेतला आणि वाट सोडून भिंतीशी उभी राहिली.

बाळासाहेब खाटेवर, दोन गोधड्यांखाली. उठायला गेले, खोकला आला, उठता येईना. मग तसंच पडल्या पडल्या त्यांनी गोधडीतून हात बाहेर काढून जोडले.

"नमस्कार, दादासाहेब."

त्या खोलीत बाहेर बघायला खिडकी नव्हती. दादासाहेब टिफिनची पिशवी हातात घेऊन उभे होते.

"मफलर का घालत नाहीस रे तू?" ते एकदम कडाडले. "इतकी थंडी, आणि रोज नाक्यावर उघड्या कानांनी उभा असतोस. मी बघतो ना रोज!"