ट्रेंटकाठचा कावळा

दिलीपने आईला इंग्लंडला आणलं आणि परत कधीच नेलं नाही.

हे तो वाचेल. वाचू दे. सत्तरीला आलो आम्ही दोघं, आता कशाची भीड.

आज काकीची पुण्यतिथी. दिलीपने सकाळीच तिचा फोटो टाकलाय, खाली "बेस्ट मम एव्हर". लोकांनी रांगेने हात जोडलेत.

मी नाही जोडले. मी हे लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. काकी म्हणजे दिलीपची आई. आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. माझी आई दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबायची, त्यामुळे मी दिलीपच्याच घरी वाढलो म्हटलं तरी चालेल.

वाढलो कसला, उच्छाद मांडला.

एकदा पोस्टमनच्या सायकलची हवा सोडली. दोन्ही चाकांची. तो तणतणत काकीच्या दारात.

"तुमची ही दोन्ही पोरं तुरुंगात जाणार बघा."

"जातील तेव्हा जातील," काकी म्हणाली. "तुम्ही आधी टेका. भाकरी खाऊन घ्या."

तुमची दोन्ही पोरं. यातलं एक माझं नाही, असं तिने त्यालाही सांगितलं नाही, कधी कुणालाच सांगितलं नाही.

पोस्टमन जेवला. आम्हाला पंप आणायला शेजारच्या गावात पिटाळलं, भर उन्हात, पायी. परत आलो तर आमच्या भाकऱ्या झाकून ठेवलेल्या, वर लोण्याचा गोळा. हात तिने कधी उगारला नाही. म्हणायची, "मारून पोरं सुधारत असती तर तुमच्या मास्तरांनी एव्हाना अख्खं गाव सुधारलं असतं."

पुढे दिलीप डॉक्टर झाला, नॉटिंगहॅमला आला. मी नववीत शाळा सोडलेला, वायरिंगचं काम बघून बघून शिकलो आणि नर्स बायकोच्या मागोमाग वॉटफर्डला येऊन पडलो.

सत्त्याऐंशी साली काका गेले. दिलीप काकीला घेऊन आला.

"सहा महिन्यांसाठी," म्हणाला.

मुलं लहान होती. नवरा-बायको दोघांच्या हॉस्पिटलच्या शिफ्ट. मग मुलं प्रायमरीत गेली. मग सेकंडरीत. मग थोरल्याचं जीसीएसई, म्हणजे इथली दहावी.

"पुढच्या मे महिन्यात नक्की, आई."

काकी ते खरं धरून चालायची. म्हणून तिने स्वतःसाठी कोट कधी घेऊ दिला नाही. "एवढी एक थंडी तर काढायचीय. कशाला नवा?"

नऊवारीवर दिलीपचा जुना पार्का, बाह्या दुमडलेल्या, पायात मोजे आणि चपला. अशी ती शाळेच्या गेटवर नातवंडांची वाट बघत उभी असायची. दर हिवाळ्यात. त्याच पार्क्यात.

मी गाडी घेऊन भेटायला गेलो की दारातच, "जेवलास का रं?"

मग दिलीप आत गेला की हळूच, "तू कधी चाललास गावाला? मला ने की. मी काय त्रास नाय द्यायची तुला."

मी दिलीपला दर वेळी सांगायचो. "मी चाललोय, मी नेतो, मीच परत आणतो. तू फक्त हो म्हण."

"अरे, तिचं बीपी बघ ना. आणि इकडे मुलांना कोण बघणार?"

बीपी आधी सांगायचा. खरं कारण मागून यायचं.

एकदा धाकटी नात तिच्या मांडीवर बसून मोडक्या मराठीत विचारत होती, "आजी, तुझी घर किती लांब आहे?"

"लांब कुठलं? मे महिन्यात दाखवते तुला."

सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत काकी गेली. न्यूमोनियाने.

क्रेमेटोरियममधून आल्यावर किचनमध्ये आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "अस्थी तरी गावी नेऊ."

"नेऊन उतरायचं कुठे? घर मी केव्हाच विकलं."

"केव्हा?"

"आईला आणलं त्याच वर्षी."

"काकीला माहीत होतं?"

"सांगून काय झालं असतं? उगाच जिवाला लावून घेतलं असतं तिने." आणि त्याने चहाचे कप काढले.

म्हणजे ती दहा वर्षं ज्या घरी जायला निघाली होती, ते घर दहा वर्षं दुसऱ्याचं होतं.

माझी आता दहाव्यावर भिस्त होती.

आमच्याकडे दहाव्याला पिंड ठेवतात. कावळा शिवला नाही तर गेलेल्या माणसाची इच्छा राहिली असं धरतात. मग मुलगा सगळ्यांसमोर हात जोडून शब्द देतो, अमुक करीन, तमुक करीन. तो शब्द मोडायची कुणाची छाती होत नाही. मी मनात पक्कं धरलं होतं, काकीचा कावळा शिवायचा नाही. दिलीपला म्हणावंच लागेल, आई, तुला गावी नेतो.

ट्रेंट नदीच्या काठी गेलो. गुरुजी मिळाले नव्हते, मंत्रांची कॅसेट लावली. दिलीपने डबा उघडून पिंड गवतावर ठेवला.

हात मागे घेतो न घेतो तोच कावळा.

मागोमाग दुसरा. मग तिसरा.

त्या काठावर लोक रोज बदकांना ब्रेड टाकतात. तिथले कावळे माणूस खाली वाकला की धावून येतात. कोण मेलंय, मेलेल्याचं काय राहिलंय, त्यांना काय पत्ता?

दिलीपने मोठा श्वास सोडला. "बघितलंस? लगेच शिवला. आईचं काही राहिलं नव्हतं."

मुलांना थंडी वाजत होती. गाडी चालूच ठेवलेली. नंतर अस्थीही त्याच काठावरून सोडल्या.

"नदी ती नदी," म्हणाला.

काकी, तू त्याला तिथल्या तिथेच माफ केलं असशील. तुझा स्वभावच तसा.

माझा नाही.

नमस्कार घे.